केसपेपर कोणाच्या हाती? (थ्रेड)

१/ सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायामुळे विटा व खानापूर तालुक्यातील माणसे भारतभर विखुरली. असा गलाईवाला आजारी पडला, की जुने रिपोर्ट पिशवीत घालून डॉक्टरांकडे जातो. डॉक्टरांच्या संगणकाविषयी रुग्णाच्या मनात असलेल्या शंकेचा इतिहास या पिशवीपाशी सुरू होतो, कारण आपल्याकडे नोंद बहुधा रुग्णाच्याच हाती राहिली.

२/ ती सरकारच्या हाती गेली, तेव्हाचा अनुभव कटू होता. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर मुंबई इलाख्यात प्लेगच्या रुग्णाचे नाव कळवले गेले, की घरझडती आणि विलगीकरण ओढवे. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. लोक रुग्ण लपवत, मृत्यूदेखील लपवत. याला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

३/ पुढे तक्रार उलटी झाली: रुग्णालये कागद देत नाहीत. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला नोंदींच्या प्रती देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य ठरवले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे व मागणी केल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, हेही त्याच नियमांत आहे.

४/ परंतु नोंद फुटण्याची खरी किंमत एचआयव्हीने दाखवली. सांगलीत ‘संग्राम’ संस्था १९९२ पासून या प्रश्नावर काम करत आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की रुग्णाची गोपनीयता निरपवाद नाही. नियोजित वधूचे आरोग्य तिच्याहून मोठे. अखेर २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने अशी माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी ती ठेवणाऱ्या संस्थेवर टाकली. इतर बहुतेक आजारांच्या रुग्णांना असा स्वतंत्र कायदा लाभला नाही.

५/ २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. नोंद रुग्णालयाकडेच राहते आणि संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दिसते. विट्यात झालेली तपासणी परराज्यात उघडता येणे, ही गलाईवाल्यासाठी मोठीच सोय.

६/ मात्र पिशवीत एक मुभा होती: नको तो कागद घरी ठेवून जाता येई. आभाच्या व्यवस्थेतही संमती नाकारता येते, मुदतीपुरती देता येते, मागेही घेता येते. पण नोंदणीच्या रांगेत मुलाच्या मोबाईलवर आलेला ओटीपी घाईने वाचून दाखवणाऱ्या वृद्धाला हे कोण सांगते?