वऱ्हाडातली समुद्री टाकी : दगड आणि वाळूचं काम

खारपाणपट्ट्यातलं पाणी मुळातच खारट, मग समुद्री माशांच्या टाकीला मीठ विकत कशाला घ्यायचं? दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूरकडे हा प्रश्न कुणालाही पडेल. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात मॅग्नेशियम १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ४००च्या घरात. पूर्णाखोऱ्यातल्या बोअरचं पाणी जिभेला खारं लागलं, तरी त्यातले क्षार बहुतेक ठिकाणी या प्रमाणाच्या आसपासही येत नाहीत. शिवाय अशा भूजलात पोटॅशियम सहसा फार कमी असतं. लोणारचं पाणी तर सोड्याचं, त्याचा सामू १०च्या आसपास, समुद्राचा ८.२. तेव्हा आरओचं पाणी आणि त्यात समुद्री मिश्रणाचं मीठ, याला पर्याय नाही.

पाणी जमलं म्हणजे टाकी जमली असं मात्र नाही. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. सामू एका अंकाने चढला की या अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून कमी सामूच्या गोड्या पाण्यात खपून जाणारी हयगय इथे मासे मारते. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. दगडाच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांत ऑक्सिजन पोचत नाही. तिथले वेगळे जिवाणू नायट्रेट मोडून नायट्रोजन वायू मोकळा करतात. एकाच दगडात दोन्ही कारखाने चालतात, हेच ‘लाइव्ह रॉक’चं मोल. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१मध्ये असे दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालवण्याची पद्धत लिहून मांडली; आजच्या रीफ टाक्यांचं मूळ तिथे सापडतं.

मग हा दगड आणायचा कुठून? समुद्रातून नक्कीच नाही. प्रवाळभित्ती घडवणारी सगळी कठीण प्रवाळं २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि कायद्याने वाळलेल्या तुकड्यालाही सूट दिलेली नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी मालवणसारख्या किनाऱ्यावर मोजकीच प्रवाळं उरली असताना आपल्या दिवाणखान्यासाठी तिथला दगड फोडणं मला अक्षम्य वाटतं. व्यवहारही तेच सांगतो. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर उन्हातून आलेल्या दगडावरचे जीव वाटेतच मरतात आणि टाकीत सडून अमोनियाच वाढवतात.

आपल्याकडचा काळा बेसॉल्ट चालणार नाही. तो घट्ट असतो, आणि त्यातल्या पोकळ्या बहुधा दुय्यम खनिजांनी बुजलेल्या असतात. चंद्रपूरकडचा सिमेंटचा चुनखडकही तसाच भरीव. म्हणून सच्छिद्र सिरॅमिक किंवा कृत्रिम कोरडा दगड घ्यावा आणि तो टाकीतच जिवंत करावा. खारं पाणी २६ अंशांवर फिरतं ठेवून अमोनियम क्लोराइडने अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमवर आणायचा, बाटलीतले जिवाणू सोडायचे आणि थांबायचं. अमोनियाच्या चाचणीच्या नळीत आधी हिरवा रंग येतो. काही आठवड्यांनी तेवढाच अमोनिया घालून २४ तासांत नळी पिवळी दिसली, म्हणजे अमोनिया संपला, आणि नायट्राइटही शून्यावर आलं, की पहिला मासा सोडावा. मधल्या काळात दगडावर तपकिरी साय धरते. ती डायटमची असते, घाबरू नये.

वाळूचा प्रश्न अधिक वादाचा आहे. पूर्णेची वाळू नको, ती सिलिकेटची. ॲरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू घ्यावी. १० सेंटिमीटरहून जाड थरात तळाशी ऑक्सिजन संपतो आणि नायट्रेट मोडतं. मोनॅकोच्या जाँ झोबेर यांनी वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवून हीच क्रिया साधली. पण अशा थरात कालांतराने हायड्रोजन सल्फाइड साठतो, आणि थर उचकटला की तो पाण्यात मिसळतो. वऱ्हाडात उन्हाळ्यातच वीज जास्त जाते आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो. पंप थांबला की दगड, वाळू, मासे सगळे त्याच ऑक्सिजनवर तुटून पडतात. म्हणून इथे ३ सेंटिमीटरचाच थर असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नायट्रेटचं काम दगड आणि पाणीबदल यांच्यावर सोडावं.

एका बाबतीत मात्र अकोला मुंबईपेक्षा भाग्यवान आहे. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत ज्या कारणाने खोलीतला कूलर जोरात चालतो, त्याच कारणाने पाण्यावर रोखलेला साधा पंखा टाकी कित्येक अंशांनी थंड ठेवतो. मुंबईच्या दमट हवेत हे इतकं साधत नाही. या गारव्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. २०० लिटरच्या टाकीतून ५ लिटर पाणी उडालं की क्षार ३५वरून जवळपास ३६वर जातात, कारण मीठ मागेच राहतं. उडालेल्या पाण्याची भर रोज, थोडी थोडी आणि फक्त बिनमिठाच्या आरओ पाण्याने करावी. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा हवेचा पंप मासे आणायच्या आधीच जोडून, मेन स्विच बंद करून तपासून घ्यावा.