टू किल अ मॉकिंगबर्ड

अमेरिकन लेखिका हार्पर ली (१९२६–२०१६) यांची कादंबरी. पहिले प्रकाशन ११ जुलै १९६०. १९६१ चे पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले. १९३३ ते १९३५ या मंदीच्या काळात अलाबामा राज्यातल्या मेकोम या काल्पनिक गावात ती घडते. लीबाईंचे जन्मगाव मन्रोव्हिल हे मेकोमचे मूळ मानले जाते. शेजारच्या डिल या मुलाच्या पात्रात त्यांचा बालमित्र आणि पुढे नावारूपाला आलेला लेखक ट्रूमन कपोटी ओळखू येतो.

निवेदन स्काउट फिंच या मुलीचे आहे. कथा सुरू होते तेव्हा ती जवळजवळ सहा वर्षांची आहे. सांगते आहे मात्र मोठी झालेली स्काउट. तिचे वडील ॲटिकस वकील आहेत. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मेयेला युएल या गोऱ्या तरुणीने बलात्काराचा आरोप केला आहे आणि न्यायाधीशांनी त्याचे वकीलपत्र ॲटिकसकडे सोपवले आहे. मेयेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला जखमा आहेत, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला आहे. मेयेलाचा बाप बॉब युएल भर कोर्टात डाव्या हाताने सही करतो. तरीही सर्व गोऱ्या पुरुषांची ज्यूरी टॉमला दोषी ठरवते. पुढे तुरुंगातून पळू पाहताना पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी तो मरतो.

खटल्याचा निर्णायक क्षण पुराव्यात नाही, टॉमच्या एका उत्तरात आहे. मेयेलाची कामे तू फुकट का करून देत होतास, असे सरकारी वकील विचारतो. तिची कीव आली, असे टॉम सांगतो. तिथेच तो हरतो. मेयेला उकिरड्याजवळच्या झोपडीत राहते, तिच्याशी बोलणारे कोणी नाही, फुटक्या भांड्यांत तिने जिरेनियमची झाडे जपली आहेत. गावाच्या उतरंडीत तिच्या खाली फक्त काळे लोक आहेत. त्यांच्यातल्या एकाला तिची कणव यावी, हे ज्यूरीला चोरीदरोड्याहून मोठे पाप वाटते. पूर्वग्रहाचे हे निदान कादंबरीतले सर्वांत खोल निदान आहे.

कादंबरीतला पूर्वग्रह दुष्टांपुरता नाही. कैद्यावर चालून आलेल्या जमावात स्काउटच्या वर्गमित्राचे वडील आहेत. शाळेतल्या गेट्सबाई हिटलर ज्यूंचा छळ करतो म्हणून हळहळतात. त्याच बाई कोर्टातून बाहेर पडताना काळ्यांना अद्दल घडवायला हवी, असे बोलतात. मुलेही यातून सुटलेली नाहीत. घराबाहेर न पडणाऱ्या बू रॅडलीविषयी ऐकीव गोष्टींवरून त्यांनी राक्षस उभा केला आहे, आणि तोच बू झाडाच्या ढोलीत त्यांच्यासाठी भेटवस्तू ठेवत असतो. शेवटी बॉब युएलच्या हल्ल्यातून तोच त्यांना वाचवतो. मॉकिंगबर्ड हा केवळ गाणारा, कोणाचे काही न बिघडवणारा पक्षी. त्याला मारणे पाप. ही प्रतिमा टॉम आणि बू या दोघांनाही लागू पडते.

निरागसता एका झटक्यात जात नाही. ती ढोली सिमेंटने बुजवली जाते तेव्हा जेम, स्काउटचा भाऊ, एकटा रडतो. टॉमची उलटतपासणी ज्या तुच्छतेने चालते ती पाहून डिलला रडू आवरत नाही. निकालानंतर जेम पुन्हा रडतो, आणि या वेळी त्याचे दुःख एका माणसापुरते नसते. आपले गाव जगातले सर्वांत चांगले आहे, हा त्याचा समज मोडतो.

या कथेच्या मागे खरा इतिहास आहे. १९३१ मध्ये अलाबामातल्या स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा खोटा आरोप झाला. या प्रकरणातूनच १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळणे घटनाबाह्य ठरवले. लीबाईंचे वडीलही वकील होते. १९१९ मध्ये त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या कृष्णवर्णीय बापलेकांचा बचाव केला होता. दोघांनाही फाशी झाली. पुस्तक आले तेव्हा अलाबामातल्याच मंटगमरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी पुकारलेला बसबहिष्कार संपून चार वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे तीसच्या दशकातली गोष्ट वाचकांनी आपल्या काळाची म्हणून वाचली.

१९६२ मध्ये रॉबर्ट मलिगन यांनी कादंबरीवर चित्रपट काढला. ॲटिकसच्या भूमिकेसाठी ग्रेगरी पेक यांना ऑस्कर मिळाले. कादंबरी शाळांत लागली आणि अनेकदा काढूनही टाकली गेली. १९६६ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर परगण्याच्या शाळामंडळाने तिला अनैतिक ठरवले होते. २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ हे तिच्या आधी लिहिलेले हस्तलिखित छापले गेले. त्यातला वृद्ध ॲटिकस वर्णविभाजन संपवण्याच्या विरोधात उभा दिसतो.

कादंबरीवरचा गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. न्यायाचा सारा भार इथे एका सज्जन गोऱ्या माणसावर पडतो आणि टॉम केवळ सोसतो. हा आक्षेप खरा आहे. ज्या निरागसतेचा कादंबरी शोक करते, ती फिंचांच्या मुलांची आहे. टॉमच्या मुलांना ती कधी परवडली असेल का, हे कादंबरी विचारत नाही. घरकाम करणारी कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते, तेव्हा त्या जगाचे दार क्षणभर उघडते, पण कथा आत थांबत नाही. २०१८ च्या ब्रॉडवे नाटकात आरन सॉर्किन यांनी टॉम आणि कॅल्पर्निया यांना मूळ कादंबरीपेक्षा अधिक बोलू दिले.