अळणी भात आणि श्रद्धा: धर्म कोठे संपतो, रिवाज कोठे सुरू होतो?

१/९
इ. स. १७३६. गोव्याच्या धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, एक जाहीरनामा काढला. स्थानिक ख्रिस्ती लोकांनी दारी तुळस लावू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, पानसुपारी व फुले पाठवू नयेत. पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. आणि हिंदूंप्रमाणे भात मिठाविना शिजवू नये.

२/९
भातातल्या मिठाचा आत्म्याच्या तारणाशी काय संबंध? धर्मन्यायालयाच्या लेखी संबंध होता. जुनी चाल राहिली, तर जुना धर्मही मागच्या दाराने परत येईल, ही ती धास्ती. त्यामुळे स्वयंपाकघरापर्यंत पहारा पोहोचला.

३/९
याच भूमीत १२० वर्षांपूर्वी वेगळे उत्तर दिले गेले होते. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत दीर्घकाळ राहिले. १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले: रोमन लिपीत, पण मराठीत. ग्रंथ सुमारे ११ हजार ओव्यांचा.

४/९
कथा बायबलची, घाट पुराणाचा. स्वर्गासाठी शब्द ‘वैकुंठ’. ऐकणाऱ्याला परके वाटू नये, याची काळजी पदोपदी घेतलेली. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापावा लागला, यावरून त्याची मागणी कळते.

५/९
तरीही हे चित्र फार गोड करू नये. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. ती पोकळी भरून काढावी, ही गरज खुद्द ग्रंथाच्या आरंभी मांडलेली आहे. म्हणजे स्टीफन्स यांनी प्रेमाने भरलेली जागा सत्तेने बळाने रिकामी केलेली होती.

६/९
तिकडे तमिळ देशी, मदुराईत, १६०६ पासून रॉबर्टो दे नोबिली भगवी वस्त्रे नेसून, शाकाहारी राहून संन्याशासारखे वावरत होते. शेंडी, जानवे आणि गंध ही सामाजिक चिन्हे आहेत, ती टाकायला लावू नयेत, असा त्यांचा युक्तिवाद. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी तो सशर्त मान्य केला. १६५९ मध्ये रोमच्या धर्मप्रसार परिषदेनेही पूर्वेकडील मिशनऱ्यांना बजावले: युरोपातले देश तिकडे नेऊ नका, श्रद्धा तेवढी न्या.

७/९
पण येथेच एक मोठा खड्डा होता. जानवे रिवाज ठरले, तशी जातही रिवाज ठरली. वरच्या जातींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी निराळे मिशनरी नेमले गेले. गोव्यात तर उलटा अनुभव आला: तुळस उपटली गेली, पण ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदीर हे भेद तसेच राहिले. धोतरावर बंदी आली. रोटीबेटीच्या भिंतीला धक्का लागला नाही.

८/९
महाराष्ट्रात हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुन्हा हाती घेतला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परक्या चालींवरच्या भाषांतरित गीतांत मराठी मन रमेना, हे त्यांनी ओळखले. मग अभंग आला, भजन आले, कीर्तन आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९०९ मध्ये सुरू केलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांनी ओवी ठेवली आणि जात टाकली. ही निवड बाहेरून आलेल्या कुणी केली नव्हती. ते रिवाज ज्याच्या घरचे, त्याने स्वतः केली होती.

९/९
संदेश आणि संस्कृती वेगळी करण्याची भाषा सोपी आहे. खरा प्रश्न असतो तो सुरी कुणाच्या हाती, हा. धर्मन्यायालयाने मीठ मोजले आणि विषमता नजरेआड केली. १८१२ मध्ये ते बंद झाले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मात्र लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस लावून ‘रोस’ आजही होतो. तो आपल्या हळदीचाच भाऊबंद. जाहीरनामा दप्तरात गेला. आयाबायांनी रिवाज जपला, आणि त्यांची श्रद्धाही त्याने उणी झाली नाही.