पॅराडॉक्स दरी

* पॅराडॉक्स दरी : अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम सीमेजवळ. डोलोरेस नदी हिच्या लांबीने वाहत नाही, आडवी कापून जाते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथला समुद्र पुन्हापुन्हा आटला आणि मिठाचे जाड थर साचले. त्यांवर अनकंपाग्रे डोंगरांतून आलेल्या गाळाचे ओझे चढत गेले. दाबाखाली मीठ घन असूनही अतिशय संथपणे वाहते, आणि घट्ट झालेल्या गाळखडकांपेक्षा ते हलके असते. म्हणून ते कडेला सरकत लांबट भिंतीसारखे वर चढले नि माथ्यावरच्या थरांची कमान, म्हणजे अपनती, झाली. पुढे भूजलाने माथ्याजवळचे मीठ विरघळवले; आधार गेला, कमान खचली. जिथे उंचवटा होता तिथेच दरी व्हावी, याहून विलक्षण या प्रदेशात काही नाही. यूटामधील मोआबची दरीही अशीच.

खारे भूजल आजही डोलोरेसमध्ये झिरपते आणि पुढे कोलोरॅडो नदीत जाते. ते उपसून खोल विहिरीत दाबण्याचे काम १९९६ पासून नियमित सुरू झाले. त्यातून भूकंपही उद्भवले, त्यांतला मार्च २०१९ चा भूकंप ४.५ तीव्रतेचा होता. – संपा.