भार कोणाच्या माथी? फ्रान्सच्या रिकाम्या तिजोरीची कथा

(१)
१७८६ च्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्सचा अर्थमंत्री कालोन याने सोळाव्या लुईपुढे राज्याचा ताळेबंद ठेवला. वर्षाची तूट दहा कोटी लिव्रच्या घरात पोहोचली होती. नवे कर्ज मिळणे दुरापास्त झाले होते आणि जे कर भरत होते त्यांच्या माथी आणखी भार टाकणे शक्य नव्हते. तीन वर्षांनी बॅस्टिल पडले. राजसत्ता, क्रांती आणि साम्राज्य ही तीन पर्वे आपण एरवी राजवाडा, गिलोटिन आणि रणांगण यांच्या चित्रांतून पाहतो. या धाग्यात ती एका रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नातून पाहू: राज्याचा खर्च कोणी सोसायचा?

(२)
जुन्या फ्रान्समध्ये कायद्यानेच समाजाचे तीन वर्ग मानलेले होते. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदार-उमरावांचा आणि तिसऱ्यात उरलेली सारी प्रजा. 'ताय' या मुख्य प्रत्यक्ष करातून पहिले दोन वर्ग बहुतांशी मुक्त होते. चर्च कराऐवजी राजाला 'ऐच्छिक दान' देई आणि त्याची रक्कम स्वतःच ठरवी. अठराव्या शतकात सरदारांवरही काही कर बसले. परंतु वशिला आणि सवलती यांमुळे त्यांची धार बोथट झाली. मिठावरचा 'गाबेल' हा कर तर प्रांतागणिक इतका निराळा होता की मिठाची चोरटी वाहतूक हा अनेकांचा धंदाच होऊन बसला.

(३)
मीठ, तंबाखू, जकात अशा अप्रत्यक्ष करांची वसुली सरकार स्वतः करीत नसे. श्रीमंत मक्तेदारांची एक मंडळी ठरलेली रक्कम सरकारात भरून वसुलीचा मक्ता घेई आणि वरची रक्कम नफा म्हणून ठेवी. जकात चुकवून माल आत येऊ नये म्हणून १७८० च्या दशकात या मक्तेदारांसाठी पॅरिसभोवती भिंत बांधण्यात आली. ही भिंत सुचवणारा मक्तेदार म्हणजे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए. त्याचे नाव लक्षात ठेवा.

(४)
तिजोरी रिकामी केली ती प्रामुख्याने युद्धांनी. १७१५ मध्ये चौदावा लुई मरण पावला तेव्हाच राज्य कर्जात बुडालेले होते. त्यानंतर सप्तवार्षिक युद्ध (१७५६-६३) आले आणि १७७८ पासून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सहभाग. अर्थखाते सांभाळणाऱ्या नेकरने हे शेवटचे युद्ध नवे कर न लावता कर्जावर लढवले. १७८८ मध्ये सरकारी खर्चाचा सुमारे निम्मा भाग कर्जफेड आणि व्याज यांतच जात होता.
कर्ज ब्रिटनवरही प्रचंड होते. मात्र तेथे करांना संसदेची संमती असे. त्यामुळे सावकारांचा विश्वास टिके आणि व्याजदर कमी राही. फ्रान्सच्या राजाकडे सत्ता अमर्याद होती. पत मात्र नव्हती.

(५)
कालोनचा उपाय सरळ होता: प्रत्येक जमीनमालकाने, मग तो कोणत्याही वर्गाचा असो, जमीनकर भरावा. त्यासाठी फेब्रुवारी १७८७ मध्ये राज्यातील प्रतिष्ठितांची सभा बोलावण्यात आली. सभेने योजना मानली नाही आणि कालोनचे पद गेले. नव्या कराला मान्यता देण्याचा अधिकार केवळ 'इस्टेट्स जनरल'चा, अशी भूमिका पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयानेही घेतली. राजसत्तेला पहिले आव्हान असे वरच्या वर्गांकडूनच आले. ऑगस्ट १७८८ मध्ये तिजोरीने देणी थांबवली. १६१४ नंतर एकदाही न भरलेली इस्टेट्स जनरल मे १७८९ मध्ये व्हर्सायला भरली.

(६)
१७ जून १७८९ रोजी तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला 'राष्ट्रीय सभा' म्हणून घोषित केले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्याच दिवशी त्यांनी केलेला आणखी एक ठराव फारसा सांगितला जात नाही. राष्ट्राच्या संमतीवाचून बसवलेले सर्व कर बेकायदा आहेत, तथापि ही सभा चालू असेपर्यंत ते तात्पुरते वसूल व्हावेत, असे त्यांनी ठरवले. राजाने सभा बरखास्त केली, तर कर भरण्याचे बंधनही संपले! सोबत सार्वजनिक कर्जाची हमी देऊन त्यांनी सावकारांनाही आपल्या बाजूला ओढले. टेनिस कोर्टातील शपथ तीन दिवसांनी झाली. सत्तेची किल्ली त्याआधीच हाती आली होती.

(७)
जनतेलाही शत्रू ओळखू येत होता. बॅस्टिल पडण्याच्या आधीच्या दिवसांत पॅरिसकरांनी त्या भिंतीवरील जकातनाकी पेटवून दिली. ४ ऑगस्टच्या रात्री सभेने करमाफीसह वर्गांचे विशेषाधिकार मोडीत काढले. २६ ऑगस्टच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेराव्या कलमाने तत्त्व घालून दिले की राज्याच्या खर्चाचा वाटा सर्व नागरिकांनी आपापल्या ऐपतीनुसार उचलावा.

(८)
तत्त्वाने तिजोरी भरत नाही. २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन करण्यात आली. ही सूचना मांडणारा तालेराँ स्वतः बिशप होता. या जमिनींच्या तारणावर 'आसिन्या' नावाचे रोखे निघाले आणि पुढे त्यांनाच नोटांचे रूप आले. आरंभी ते चाळीस कोटी लिव्रचे होते. १७९२ मध्ये युद्ध पेटले आणि छापखाना थांबेना. १७९६ मध्ये छपाईचे साचे पॅरिसमध्ये जाहीरपणे फोडण्यात आले, तोवर आकडा चार हजार कोटींपलीकडे गेला होता आणि शंभराच्या नोटेला एकाचीही किंमत उरली नव्हती. ज्यांनी स्वस्तात जमिनी घेतल्या ते तरले. रोजंदारीवर पाव विकत घेणारे भरडले गेले.

(९)
मक्तेदारांवरचा राग आता गिलोटिनपर्यंत पोहोचला. ८ मे १७९४ रोजी एकाच दिवशी अठ्ठावीस मक्तेदारांचा शिरच्छेद झाला. लाव्हाझिए त्यांतलाच एक. १७९७ मध्ये सरकारने कर्जाचे दोन तृतीयांश जवळजवळ कवडीमोल कागदांनी 'फेडले'. ज्या दिवाळखोरीला राजा घाबरत होता, ती प्रजासत्ताकाने पत्करली.

(१०)
१७९९ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या नेपोलियनने हा धडा ध्यानात ठेवला. १८०० मध्ये बँक ऑफ फ्रान्स उभी राहिली, १८०३ मध्ये चांदीवर आधारलेला स्थिर फ्रँक आला. करवसुली मक्त्याने न होता सरकारी अधिकाऱ्यांमार्फत होऊ लागली. परंतु दारूवरील कर परतले आणि क्रांतीने रद्द केलेला मिठाचा करही १८०६ मध्ये पुन्हा लागला. वर्गाची सूट गेली ती गेलीच. लोकांची संमती मात्र नावापुरती उरली.

(११)
साम्राज्याने प्रश्नाचे तिसरे उत्तर शोधले: खर्च जिंकलेल्यांनी सोसावा. इटलीपासून प्रशियापर्यंत खंडण्या वसूल झाल्या. हे गणित विजय मिळत राहीपर्यंतच जुळणारे होते. १८१२ च्या रशियन मोहिमेनंतर ते विस्कटले, करांचा बोजा पुन्हा फ्रेंच शेतकऱ्यावर आला आणि १८१५ मध्ये दोस्तांनी फ्रान्सवरच सत्तर कोटी फ्रँकचा दंड बसवला.

(१२)
बूर्बाँ राजे परतले, पण जुनी करमाफी परतली नाही. अठराव्या लुईच्या १८१४ च्या सनदेने ऐपतीनुसार कर, राष्ट्रीय कर्जाची हमी आणि विकलेल्या चर्चजमिनींची मालकी ही तिन्ही मान्य केली. मुकुट पुन्हा डोक्यावर चढला तो क्रांतीने लिहिलेल्या जमाखर्चावर सही करूनच.

(१३)
हिशेब येथे मिटवला तर एक पान कोरे राहील. कॅरिबियन समुद्रातील सां-दोमिंग ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. तेथील ऊस आणि कॉफीचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत. १७९१ मध्ये ते गुलाम उठले. १७९४ मध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाने गुलामगिरी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने फ्रेंच वसाहतींत तिला पुन्हा कायद्याचा आधार दिला आणि सां-दोमिंगवर फौज धाडली. ती फौज ताप आणि लढाई यांत नष्ट झाली. १ जानेवारी १८०४ रोजी तेथे स्वतंत्र हैती जन्मास आले.

(१४)
१८२५ मध्ये दहाव्या शार्लने युद्धनौकांचा धाक दाखवून हैतीकडे पंधरा कोटी फ्रँक मागितले. स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर जुन्या मळेमालकांचे नुकसान भरून द्या, ही अट होती. त्या नुकसानीत गमावलेल्या गुलामांची किंमतही धरलेली होती. म्हणजे मुक्त झालेल्यांनी आपल्याच देहाचे मोल भरायचे होते. पहिल्या हप्त्यासाठी हैतीला पॅरिसमध्येच कर्ज काढावे लागले आणि कर्जांची ही साखळी विसाव्या शतकापर्यंत लांबली. ऐपतीनुसार वाटा उचलण्याचे ते तेरावे कलम तेव्हा छत्तीस वर्षांचे झाले होते.