हिरवेधमक इंग्रजी

इंग्रजी सुधारायचे असेल तर रोज पाच भारदस्त विशेषणे पाठ करा आणि 'व्हेरी'ला हद्दपार करा, हा सल्ला हल्ली क्लासच्या फलकापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे मिळतो. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो: शब्द हे भांडवल, ते वाढले की लेखन आपोआप समृद्ध होणार. म्हणून 'व्हेरी थिन'च्या जागी 'गॉन्ट', 'व्हेरी ओल्ड'च्या जागी 'एन्शंट'. मग निबंधातली आजी 'एन्शंट' होते, म्हणजे थेट हडप्पाच्या उत्खननातून निघालेली!

समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी बसतात, हे यामागचे गृहीतक. ते मराठीतच तपासून पाहू. आपण पिवळाधमक म्हणतो, काळाकुट्ट म्हणतो, हिरवागार म्हणतो. 'धमक' म्हणजे 'अतिशय गडद' एवढेच घोकलेला परदेशी विद्यार्थी बिनदिक्कत 'हिरवेधमक शेत' लिहील. व्याकरणाचा एकही नियम त्याला अडवणार नाही. अडवेल तो ऐकणाऱ्याचा कान. किंवा सडपातळ, काटकुळी, किडकिडीत, हाडकुळी घ्या. चारही बारीकच. पण मुलीच्या वडिलांनी स्थळांच्या जाहिरातीत 'किडकिडीत' छापले तर? 'स्लेंडर', 'स्किनी' आणि 'गॉन्ट' यांच्यातही हेच अंतर आहे. पहिल्यात कौतुक, दुसऱ्यात बहुधा नाक मुरडणे, तिसऱ्यात आजार नाहीतर उपासमार. यादीत मात्र तिघेही मांडीला मांडी लावून बसलेले.

शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, असे १९५७ मध्ये मांडणारे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ हे पूर्वी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ढाक्यात शिक्षकांना घडवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा बराच मोठा भाग तेवढ्या शब्दांतच येतो. आपल्याच उपखंडात इंग्रजी शिकवलेल्या या दोघांना सोडून आपण 'गार्गान्चुअन' (म्हणजे साधे 'अवाढव्य') असल्या शब्दांच्या मागे धावतो!

यावर प्रतिपक्ष अमरकोश पुढे करतो: पाठांतरानेच ना पंडित घडले? घडले, पण कोशामागोमाग रघुवंशही येत असे. शिवाय त्या ग्रंथाचे मूळ नाव 'नामलिंगानुशासन'. शब्दासोबत त्याचे लिंग, म्हणजे वाक्यात तो वागणार कसा, हेही अमरसिंह सांगतो. आजच्या यादीत एवढीही सोय नसते.

राहिला परीक्षांचा मुद्दा. ज्या परीक्षांच्या धाकाने या याद्या फोफावल्या, त्यांतल्या जीआरईने २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे स्वतंत्र प्रश्न काढून टाकले आणि सॅटने २०१६ मध्ये दुर्मिळ शब्दांवरचा भर सोडला. आणि भारदस्त शब्दांची छाप? मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहाइमर यांनी साधे शब्द काढून जड शब्द घातलेले उतारे वाचकांना दिले, तेव्हा वाचकांना लेखक कमी हुशार वाटला. २००६ मध्ये या प्रयोगावरच्या शोधनिबंधाला साहित्याचे इग् नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. त्या निबंधाचे शीर्षकही मुद्दाम अगडबंब ठेवलेले होते.

तरीही ऑर्वेलचे नाव घेऊन 'फक्त छोटे शब्द वापरा' म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. 'गॉन्ट' तर एवढासाच शब्द आहे, तरी चुकीच्या जागी तो घात करतो. उलट योग्य जागी लांबलचक शब्दही खटकत नाही. वाचताना हजारो शब्द ओळखता यावेत, हा प्रतिपक्षाचा आग्रहही मला मान्य आहे. पण ओळख झाली म्हणून लगेच त्याला घरात घेऊ नये. 'गॉन्ट' एखाद्या कादंबरीत दुष्काळातल्या चेहऱ्याबरोबर भेटावा, मग तापातून उठलेल्या माणसाबरोबर, मग पुन्हा कुठे निष्पर्ण झाडाबरोबर. तसा तो भेटलेला मुलगा ताईच्या लग्नाच्या फोटोखाली 'गॉन्ट ब्राइड' लिहिणार नाही.