कोयीतला इतिहास: नळदुर्गच्या बाजारातले आंबे आले कुठून?

१. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे नळदुर्ग हे आंब्याच्या दोन मुलखांमधले गाव आहे. पश्चिमेकडून कोकणचा हापूस येतो, पूर्वेकडून आंध्र-तेलंगणाचा बेनिशान आणि तोतापुरी येतो, आणि मराठवाड्याच्या बागांतला केसर तर घरचाच. या प्रत्येक नावामागे स्वतंत्र इतिहास आहे. त्या सर्वांचे मूळ मात्र कोयीच्या एकाच स्वभावात आहे.

२. आधी ओळख. हापूस लंबगोल, खांद्याशी भरलेला. त्याला चोच जवळजवळ नसतेच. केसर थोडा लांबट, टोकाशी वळलेली चोच स्पष्ट दिसणारा. साल हिरवट राहिली तरी आतला गर गडद केशरी. तोतापुरीचे टोक नावाप्रमाणे पोपटाच्या चोचीसारखे. बेनिशान मोठा, पातळ पिवळ्या सालीचा. ‘बे-निशान’ म्हणजे ज्यावर डाग नाही असा.

३. बाजारातला उत्तम केसर खाल्ला, कोय परसात पुरली, झाड वाढले. त्याला केसर लागेल काय? बहुधा नाही. भारतातील बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो परागीकरणातून तयार होतो. त्याची आई केसर असते. परागकण कोणत्या झाडाचे, हे माशी आणि वारा ठरवतात. म्हणून अशा कोयीतून उगवणारे प्रत्येक रोप हे जगातले पहिलेच रोप असते.

४. याला अपवाद आहेत. आग्नेय आशियातील अनेक आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही जातींच्या एका कोयीतून अनेक कोंब फुटतात. त्यांतले बरेचसे आईच्या पेशींपासूनच घडलेले, म्हणजे आईची हुबेहूब प्रत असतात. हापूस, केसर, लंगडा, दशेरी या नामांकित जाती मात्र त्या गटातल्या नाहीत.

५. याचा अर्थ असा की, नाव असलेली जवळजवळ प्रत्येक जुनी जात कधीकाळी कोयीतून योगायोगाने उगवलेले एकच झाड होती. कोणीतरी त्याचे फळ चाखले, ते वेगळे असल्याचे जाणले आणि त्याची फांदी दुसऱ्या खुंटावर बांधली. आजच्या लाखो केसर झाडांना त्या झाडाची संतती म्हणता येत नाही. कलमाकलमाने पसरलेला तो त्या एकाच झाडाचा देह आहे.

६. हापूसच्या कथेचा धागा नळदुर्गच्या राज्यकर्त्यांपर्यंत येतो. नळदुर्गचा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीत होता. बोरी नदीवरील बंधाऱ्यातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये बांधला गेला. त्याच आदिलशाहीकडून अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकून घेतला. पुढे पोर्तुगीजांच्या गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याची विद्या भरभराटीला आली.

७. ‘हापूस’ हे नाव अल्बुकर्कवरून पडले, असे सर्रास सांगितले जाते. पण सतराव्या शतकात भारतात वावरलेल्या निकोलाओ मनुची या इटालियन प्रवाशाने गोव्यातील उत्तम आंब्यांची नावे नोंदवली आहेत, आणि त्यांत एक आंबा ‘निकोलाव अफोन्सो’ याच्या नावाचा आहे. म्हणजे ‘अफोन्सो’चा ‘हापूस’ झाला तो विजेत्या सेनानीवरून नसून या निकोलाववरून झाला असण्याची शक्यता अधिक दिसते.

८. केसर त्या मानाने अगदी अलीकडचा. जुनागढ संस्थानातील वंथळी येथे वजीर सालेभाई यांच्याकडचा हा आंबा प्रारंभी ‘सालेभाईची आंबडी’ म्हणून ओळखला जाई. त्याची कलमे गिरनारच्या पायथ्याशी लावली गेली. गराचा रंग पाहून १९३४ मध्ये नवाब तिसरे महाबतखान यांनी त्याला ‘केसर’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. २०११ मध्ये ‘गीर केसर’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

९. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत केसर चांगला रुळला. महाराष्ट्रात १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि कोरडवाहू शेतांतही कलमी बागा उभ्या राहिल्या. आज ‘मराठवाडा केसर’लाही स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे. सौराष्ट्रातल्या एका झाडाने गोदावरीच्या खोऱ्यात दुसरे घर केले ते असे.

१०. कोयीच्या योगायोगाने जगाचा बाजार कसा बदलतो, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. १८८९ मध्ये मुंबई इलाख्यातून ‘मलगोबा’ची कलमे फ्लोरिडात गेली. १८९४-९५ च्या हिमकडाक्यातून त्यांतले एकच झाड वाचले. त्याच्या फळांच्या कोयी कॅप्टन जॉन हेडन यांनी १९०२ मध्ये पेरल्या. १९१० मध्ये त्यांतल्या एका झाडाला तांबूस, देखणी फळे लागली. तोच ‘हेडन’ आंबा.

११. पुढे आनुवंशिक चाचण्यांतून दिसले की, हेडनला परागकण लाभले ते ‘टर्पेंटाइन’ या साध्या, धागेदार आंब्याचे. हेडनच्याच कोयीतून ‘टॉमी अ‍ॅटकिन्स’ जन्मला, आणि त्याने अमेरिकेतील दुकाने व्यापली. भारतीय आंब्याला ती बाजारपेठ २००७ मध्ये पुन्हा खुली झाली. तोवर तिथल्या मराठी घरांत दुकानातून येणाऱ्या लालसर आंब्याची आजी मुंबई इलाख्यातली होती.

१२. आता पुन्हा मराठवाड्याच्या बांधावर. इथला गावरान आंबा पिढ्यान्‌पिढ्या कोयीपासूनच वाढला. त्यामुळे प्रत्येक झाडाची चव निराळी आणि नावही निराळे: खोबऱ्यासारखा गर तो ‘खोबऱ्या’, शेपूचा वास तो ‘शेप्या’, साखरेची गोडी तो ‘साखऱ्या’, लहान गोल फळ ती ‘गोटी’. एक लोणच्याला, एक रसाला, एक चोखून खायला. लेखी नोंद नसली, तरी प्रत्येक आमराई ही एक यादीच होती.

१३. ही यादी झपाट्याने पुसली जात आहे. रस्ता रुंद होतो, भावाभावांत शेताची वाटणी होते, जुने खोड लाकडाच्या भावाने जाते. केसरचे एक झाड तोडले तर हजारो शिल्लक राहतात. बांधावरचा ‘शेप्या’ एकच असतो. तो पडला की ती चव जगातूनच जाते. शिवाय केसरचे कलम बांधायला खुंट लागतो तो गावरान कोयीचाच. वर केसर, खाली गावरान, असे हे झाड उभे असते.

१४. कोय लावणे सोपे आहे. ती फार दिवस टिकत नाही, म्हणून फळ खाल्ल्यावर लगेच धुऊन, वरचे कठीण कवच जपून उघडून आतले बी ओल्या मातीत, फुगीर कड वर ठेवून लावावे. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. फळाला मात्र सहा-आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. कलमाला तीन-चार वर्षांत मोहोर येतो.

१५. म्हणून कोय आणि कलम यांची कामे वेगळी आहेत. कोय नवी जात घडवते, कलम घडलेली जात राखते. हापूस, केसर, हेडन टिकले, कारण कोणीतरी वेळेवर फांदी कापून दुसऱ्या खुंटावर बांधली. पाणीमहाल कोणी व केव्हा बांधला, हे शिलालेख सांगतो. बांधावरच्या ‘खोबऱ्या’ची साक्ष म्हणून फक्त एक कलमकाडी उरू शकते, आणि तीही झाड उभे आहे तोवरच काढता येते.